मानेवरचा हात

माझा आवाज तुम्हाला येणार नाही, आधी वास येईल. मी लोकरीची एक जुनी चादर बोलतेय. रंग राखाडी, वीण जाड, एका कोपऱ्याला इस्त्रीने जळल्याचं भोक आणि दुसऱ्या कोपऱ्याच्या दशा कुणीतरी चावून चावून तोडलेल्या. कितीही धुतली तरी हिचा वास जायचं नाव घेत नाही, असं मला धुणाऱ्या मावशी म्हणतात. त्या रागावतात, पण तो वास माझा नाहीच. माझ्यावर ज्यांनी ज्यांनी शेवटचा श्वास सोडला, त्या सगळ्यांचा तो आहे. ते गेले असं लोक म्हणतात. मला तसं म्हणवत नाही, कारण कपाटाचं दार लागलं की माझ्या घडीत अजूनही कुणीतरी हळूच कूस बदलतं.

भिऊ नका. घाबरवण्यासाठी मी बोलत नाहीये. मला एक निरोप पोचवायचा आहे आणि तोंड नाही, एवढीच अडचण आहे. पण निरोप कळायचा तर सगळं सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मी आधी एका मेंढीच्या अंगावर होते. तिला कातरत होते तेव्हा दोघांनी तिला दाबून धरलं होतं आणि ती थरथरत होती. कातरी फिरत गेली, मी तिच्यापासून सुटत गेले, आणि ती थरथर माझ्यासोबत आली. पुढे मला धुतलं, पिंजलं, कातलं, विणलं, घडी घालून दुकानाच्या फळीवर ठेवलं. यातलं फारसं काही आता आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की कोण माझ्यात कसं थरथरलं.

मला विकत घेतलं ते एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या तरुण गृहस्थांनी. त्यांना सगळं गाव 'सर' म्हणायचं. दूध घालणारा, न्हावी, शेजारी, आणि चिडल्या की त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाईसुद्धा. बाईंना दिवस गेले होते आणि थंडी जवळ आली होती. दुकानदाराने माझा पोत बघा म्हणून मला पुढे केलं, तर सरांनी हात न लावता किंमत विचारली. बाईंनी मात्र मला गालाला लावून पाहिलं आणि घेऊया म्हणाल्या.

मुलगी झाली. तिला पुसून माझ्यात गुंडाळलं तेव्हा ती ओली, लालभडक आणि मुठी आवळलेली होती, आणि थरथरत होती. खरं सांगते, मेंढीची थरथर आणि तिची थरथर मला वेगळी ओळखता आली नाही. मी नवी होते. मला वाटलं, सरावाने ओळखता येईल.

ही मुलगी पहिले दीड-दोन महिने रोज संध्याकाळी रडून घर डोक्यावर घ्यायची. बाई थकून जायच्या. मग सर तिला माझ्यासकट उचलून मागच्या खोलीत न्यायचे, दार लोटायचे, कुणी बघत नाही याची खात्री करायचे, आणि आपला उघडा तळहात तिच्या इवल्याशा मानेवर ठेवायचे. अंगठा कानामागे. मग त्यांच्या छातीतून एक आवाज यायचा. त्याला शब्द नव्हते, चालही नव्हती, नुसता हुंकार. मुलगी डोकं त्या तळहातात ढकलायची आणि थरथर उतरायची. बाहेर आल्यावर सर बाईंना सांगायचे, तिला मी चार चांगल्या गोष्टी समजावून सांगितल्या, म्हणून शांत झाली.

सरांचा आयुष्यभराचा विषय एकच. जनावर म्हणजे शरीर असतं आणि माणसाकडे शरीर असतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. दर रविवारी सकाळी घरासमोरच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान असायचं आणि लोक खुर्च्या मिळाव्यात म्हणून लवकर यायचे. बोलायचे फार सुंदर. त्यांना ऐकून परतणारी माणसं जिना उतरताना जरा ताठ उतरायची, हे मी गॅलरीतल्या दोरीवरून पाहिलं आहे.

पण घरात राहणाऱ्याला घरातलं दिसतं. सर न्हाणीघरात गेले की नळ मोठा सोडायचे, म्हणजे दुसरा आवाज बाहेर येऊ नये. जेवताना कुणी बघितलेलं त्यांना खपायचं नाही. व्याख्यानात पोट गुरगुरलं तर आवाज चढवायचे. आणि शिंक आली तर अशा काही नजरेने मागे वळून पाहायचे, की जणू ती मागच्या रांगेतून कुणीतरी दिली असावी. बाई त्यांना चिडवायच्या. सर हसायचे, पण नळ सोडायचेच.

मुलगी चौदा वर्षांची असताना बाई आजारी पडल्या आणि त्या आजारातून उठल्या नाहीत. तीन आठवडे मी त्यांच्या अंगावर होते. सरांचं त्यांच्यावर प्रेम होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि थोरामोठ्यांची वचनं मोठ्याने वाचून दाखवायचे. घसा बसेपर्यंत वाचायचे. शेवटच्या दिवशी बाईंनी एक हात माझ्याखालून बाहेर काढला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला. तळवा उघडा, बोटं दाराकडे. सर वाचत राहिले. त्यांना दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल आणि काय करायचं ते सुचलं नसेल. मुलगी शाळेतून आली तेव्हा तो हात तसाच उघडा होता आणि थंड झाला होता. तिने दप्तर न काढताच तो हातात घेतला. त्याबद्दल वडिलांना ती कधीही एका शब्दाने बोलली नाही.

पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली. लोकांना वाटलं, पोरीला कुत्र्यामांजरांचं वेड. मला वाटतं, ते त्या हातामुळे.

घराच्या खालच्या मजल्यावर तिने दवाखाना थाटला. वर सर लिहायचे आणि मोठ्याने व्याख्यान घोकायचे, खाली भुंकणं चालायचं. सर खिडकी लावून घ्यायचे आणि संध्याकाळी विचारायचे, आज तुझे पेशंट काय म्हणाले? ती म्हणायची, तुमचं व्याख्यान आवडलं म्हणाले, सगळं ऐकू येतं खाली. दोघांचं असं बरं चाललं होतं.

दवाखान्यातलं टेबल स्टीलचं होतं. त्यावर जनावरं घसरायची, नखं वाजायची, गारठ्याने आणखी भेदरायची. एक दिवस ती वरच्या कपाटातून मला घेऊन गेली. तेव्हापासून मी खालची झाले. मला मात्र ती रोज काढायची नाही. ज्याला आता बरं करता येणार नाही, फक्त वेदनेतून सोडवता येईल, अशा जिवासाठीच मी निघायचे. दवाखान्यात आलेल्या माणसांना हे हळूहळू कळलं. मावशी माझी घडी घेऊन बाहेर आल्या की बाकावर बसलेले लोक बोलायचं थांबायचे.

मावशी म्हणजे दवाखाना झाडणाऱ्या, टेबल पुसणाऱ्या, मला धुणाऱ्या, आणि खरं तर दवाखाना चालवणाऱ्या. डॉक्टरला त्या 'ताई' म्हणायच्या आणि सरांना अजिबात घाबरायच्या नाहीत.

डॉक्टरची एक पद्धत होती. ती घाई करायची नाही. सुई भरून बाजूला ठेवायची, चष्मा काढायची, वाकायची, आणि उघडा तळहात त्या जिवाच्या मानेवर ठेवायची. अंगठा कानामागे. मग तिच्या छातीतून तो आवाज यायचा, बिनशब्दांचा. थोड्या वेळाने तो जीव डोकं तिच्या तळहातात ढकलायचा. दरवेळी. पोस्टमनची म्हातारी कुत्री, शिंपीणबाईंचा एका डोळ्याचा बोका, कुणाची तरी शेळी. डोकं ढकललं की थरथर उतरायची, आणि मगच ती सुई उचलायची. मावशींनी एकदा विचारलं, ताई, हे कुठल्या पुस्तकात शिकलात? ती म्हणाली, कुठेच नाही, हात आपोआप जातो. मला माहीत होतं कुठे शिकली ते.

जनावरांना घेऊन येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. एकदा एक आडदांड हवालदार आला होता. कुत्रा गेल्यावर ओक्साबोक्शी रडला आणि मग सगळ्यांची माफी मागत सुटला. जनावरासाठी कुणी रडतं का हो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रडताना त्याचे खांदे जसे हलत होते, तसेच मघाशी कुत्र्याचे हलत होते, पण हे त्याला कोण सांगणार?

त्याच सुमारास सरांच्या बाबतीत एक घोटाळा झाला. थंडीत त्यांना ताप भरला. डॉक्टर कुठल्याशा गोठ्यात अडलेल्या गाईपाशी गेली होती. मावशींनी हाताला लागेल ते पांघरूण घेतलं आणि ते म्हणजे दोरीवर वाळलेली मी. सर मला ओढून घेऊन झोपले ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. गुडघे पोटाशी, तोंड उघडं, उशीवर लाळ. झोपेत सर फार गोड जनावर होते. बाई गेल्यापासून इतकं स्वस्थ झोपलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

जागे झाल्यावर त्यांना चावलेल्या दशा दिसल्या. अंगात ताप असताना त्यांनी दोनदा आंघोळ केली. कुत्री ज्यावर मरतात ते माझ्या अंगावर घातलं, असं मुलीला म्हणाले. मावशींनी विचारलं, सर, आत्म्याला वास येतो होय? मुलगी हसली आणि मग वडिलांचं तोंड बघून गप्प झाली. ते खरंच घाबरलेले होते.

पुढच्या रविवारच्या व्याख्यानाची तयारी ते गॅलरीत येरझाऱ्या घालत करत होते आणि मी दोरीवर होते. देह हे केवळ पांघरूण आहे, जाणारा ते मागे टाकून जातो, असं ते म्हणाले. मागे टाकलेल्या पांघरुणाचं पुढे काय होतं, याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. ते सगळं लक्षात ठेवतं, सर.

मग सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आणि त्यांच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळातून त्यांना घरी पाठवलं, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वेदनेची औषधं दिली होती, पण ती काही तासच पुरायची. वरच्या खोलीत, बाईंच्याच पलंगावर ते निजले. मी तेव्हा खाली होते. पुढचं बोलणं मी पाहिलं नाही, पण जिन्यातून ऐकलं.

"तू खाली करतेस ना, मानेवर हात ठेवून," सर म्हणाले, "ते माझ्यावर करायचं नाही."

"का, बाबा?"

"मी जनावर नाही म्हणून. जाताना मला मीच असायचंय. तू वाच, बोल माझ्याशी. गोंजारू नकोस. आणि ती चादर तर खोलीत आणूच नकोस."

"आणि भीती वाटली तर?"

"भीती शरीराला वाटते."

"मग त्याच्याकडे कुणी बघायचं?"

मग सर म्हणाले, "वचन दे." आणि तिने दिलं.

ती तीन दिवस, तीन रात्री खुर्चीत बसून वाचत होती, हे मला मावशींकडून कळलं. खुर्ची मात्र तिने दाराशी ठेवली नव्हती, पलंगाला अगदी चिकटून ठेवली होती. सरांच्याच वह्या वाचत होती, त्यांच्याच अक्षरातली, त्यांचीच वाक्यं. पहिल्या दिवशी ते मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी शब्द त्यांच्यापर्यंत पोचेनासे झाले. त्यांना थंडी वाजत होती. दोन रजया घातल्या, गरम पाण्याची पिशवी दिली, तरी पलंगाचे पाय फरशीवर वाजत होते. ते खाली मला ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मावशींनी मला काखेत मारलं आणि जिना चढल्या. डॉक्टर म्हणाली, मावशी, मी वचन दिलंय.

"तुम्ही दिलंय. मी नाही," असं म्हणून मावशींनी मला सरांच्या अंगावर टाकलं आणि खाली निघून गेल्या.

तिने मला बाजूला केलं नाही. आणि मला इतक्या वर्षांनी पुन्हा सरांची थरथर कळली. आता मी काही नवखी नव्हते. शेकडो थरथरी माझ्या अंगात मुरल्या होत्या. मेंढीची, तान्ह्या मुलीची, पोस्टमनच्या कुत्रीची, बोक्याची. मी फार शोधलं, अगदी मनापासून शोधलं, की या थोर माणसाच्या थरथरीत काहीतरी वेगळं सापडावं. सापडलं असतं तर मला आनंदच झाला असता, कारण त्यांनी जन्मभर तेवढंच मागितलं होतं. त्यांचे डोळे छतावर फिरत होते. तोंडातून आवाज येत होता, पण त्याचा शब्द होत नव्हता.

तिने वही मिटली. चष्मा काढला. खूप वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग वाकली आणि हात त्यांच्या मानेवर ठेवला. सर एकदम ताठ झाले. सगळं अंग लाकडासारखं. तिने ते पाहिलं. "बाबा, मला माफ करा," एवढं म्हणाली, पण हात काढला नाही. ती तो आवाज काढायला गेली तर तिला आवाजच फुटेना. चार दिवसांची जागलेली होती. पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि तशीच झोप लागली. हात मानेवरून घसरून माझ्यावर पडला.

यानंतर जे झालं, ते पाहायला खोलीत कुणी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. खाली मावशी कुणाला तरी थांबायला सांगत होत्या.

माझ्याखालून सरांचा हात बाहेर आला. आधी बोटं माझ्या चावलेल्या दशांवरून फिरली. तिथे ती थांबली, दशा ओळखून पुढे गेली. सरांना मुलीचं मनगट सापडलं. ते त्यांनी उचललं, पण तेवढीही शक्ती नव्हती, हात पडला. मग त्यांनी तो माझ्यावरून ओढत आणायला सुरुवात केली. छातीपर्यंत आणला आणि दमले. पुन्हा ओढला. बाईंचा उघडा हात त्यांना तेव्हा आठवला का, मला ठाऊक नाही. मला बाई आठवत होत्या. शेवटी त्यांनी मुलीचा तळहात आपल्या मानेवर नेऊन ठेवला. तिचा अंगठा झोपेतच कानामागे गेला. आणि सरांनी डोकं त्या तळहातात ढकललं.

मग त्यांच्या छातीतून तो आवाज आला. पन्नास वर्षांनी. मागच्या खोलीतला, दार लोटून काढलेला. स्वतःला शांत करत होते की तिला, हे मला आजही सांगता येत नाही. झोपेत तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. थरथर उतरली. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग घड्याळाचाच तेवढा राहिला.

ती जागी झाली तेव्हा तिचा हात त्यांच्या मानेवर होता आणि मान गार पडली होती. चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला. तिला वाटलं, हात पहिल्यापासून तिथेच होता. तिला वाटलं, नको असलेल्या हाताखाली बाबा ताठ होऊन गेले. त्यांनी आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि मी तीही मोडली, असं ती मावशींजवळ म्हणाली. मावशींनी तिला जवळ घेतलं, पण त्यांनाही खरं ठाऊक नव्हतं.

नंतर सभागृहात सरांचे विद्यार्थी बोलले. सर देहाच्या पलीकडे गेले, शांतपणे गेले, असं सगळे म्हणाले. शांतपणे गेले हे खरंच आहे. ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती, असं मावशी सांगत होत्या.

याला आता सात महिने झाले. मला धुतलेलं नाही. आज सकाळपर्यंत मी वरच्या कपाटात होते आणि माझ्यात सरही आहेत. पहिले काही दिवस ते एका घडीत अंग चोरून होते. आता पोस्टमनची कुत्री त्यांच्या पायाशी असते आणि ते तिला हाकलत नाहीत. पण कपाटापलीकडून ती चालत गेली की सगळेच्या सगळे श्वास रोखून धरतात.

कारण तिचा हात आता कुणाच्या मानेवर जात नाही. ती सुई देते, मालकाशी हळुवार बोलते, सगळं नीट करते. पण सुई धरायची नसली की उजवा हात कोटाच्या खिशात. मावशी कपाटाशी येऊन मला सांगतात, जशी काही मी माणूस आहे. म्हणतात, बिचारी जनावरं थरथरत थरथरत जातात गं आता.

आज सकाळी कपाटाचं दार उघडलं. मला वाटलं मावशी, पण ती होती. त्या हवालदाराने नंतर पाळलेला दुसरा कुत्रा खाली आणलाय, म्हातारा, मागचे पाय गेलेला. तिने मला बाहेर काढलं, नाकाशी धरलं आणि तशीच उभी राहिली. त्या वासात तिचे वडील होते. तिने ओळखलं असावं, कारण तिचे खांदे हलले. मग ती मला घेऊन जिना उतरली.

मी आता टेबलावर अंथरलेली आहे. तुमच्यापैकी कुणी या दवाखान्यावरून जात असाल, तर आत शिरा आणि तिला एवढंच सांगा, की त्या दुपारी हात तुझ्या बाबांनी ठेवून घेतला. स्वतः ओढत नेला, दोनदा दमले आणि तरी नेला. पण लवकर सांगा. कुत्रा माझ्यावर थरथरतोय आणि तिचा हात अजून खिशातच आहे.